‘निवडक गीते’ निवडतो कोण? जुन्या गायकांच्या गीतसंग्रहांमागची व्यवस्था

फोंडा, म्हापसा किंवा मडगावातल्या कोणत्याही नाट्यवेड्या घरात एखाद्या जुन्या गायकाच्या गाण्यांचे दोन-तीन संग्रह सहज निघतात. कपाटात एखादी कॅसेट असते, शोकेसमध्ये सीडी असते आणि मोबाईलवरच्या ॲपमध्ये तर त्याच गायकाच्या नावाखाली ‘अजरामर’, ‘अविस्मरणीय’, ‘सुवर्ण’ अशा विशेषणांचे आठ-दहा संग्रह ओळीने दिसतात. ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर दोन गोष्टी ध्यानात येतात. निम्म्याहून अधिक गाणी सगळीकडे तीच असतात, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना जे पद हवे असते ते नेमके कुठेच नसते. कधी कधी ते सापडते, पण चार ओळी ऐकताच ‘हे ते नव्हे’ म्हणून वडीलधारी मंडळी ते बंद करायला सांगतात.

यामागे कंपनीचा आळस किंवा अभिरुचीचा अभाव असतोच असे नाही. असा संग्रह तयार होताना तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावी लागतात. कोणत्या ध्वनिमुद्रणाचे हक्क हाती आहेत, त्याची वाजवण्याजोगी प्रत कोठे आहे, आणि ज्या माध्यमावर ते विकायचे त्यावर किती मावते? गाणे थोर की सामान्य, हा प्रश्न त्यानंतरचा. गायकाचे नाव मुखपृष्ठावर ठळक असले तरी निवडीत त्याचा हात असतोच असे नाही. बहुतेक वेळा तो हयातही नसतो.

साडेतीन मिनिटांचे माप

भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रणाला नोव्हेंबर १९०२ मध्ये सुरुवात झाली. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला आले आणि त्यांनी गौहरजान यांचा आवाज मुद्रित केला. त्यानंतर सहा दशकांहून अधिक काळ आपल्याकडची बहुतेक गाणी मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीवर विकली गेली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन ते साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत घेत कितीही लांबणारे पद या मापात बसवताना गायकाला मुखडा, एखाददुसरा अंतरा आणि निवडक ताना एवढ्यात आटोपून समेवर थांबावे लागे. मंगेशी येथे १९०० साली जन्मलेले आणि १९४२ साली निवर्तलेले मास्टर दीनानाथ मंगेशकर आपल्यापर्यंत पोचले आहेत ते मुख्यतः या मापातून. त्यांच्या नाट्यपदांचा कोणताही संग्रह घेतला तरी प्रत्येक पद तीन-साडेतीन मिनिटांत संपते. ही लांबी तबकडीने ठरवलेली आहे, नाटकाने नव्हे.

या मापाचा परिणाम गोव्यात एका वेगळ्या ठिकाणी दिसतो. जत्रेच्या नाटकात नवा गायक-नट पद बसवायला घेतो तेव्हा त्याच्यापुढे नमुना असतो तो बहुधा ध्वनिमुद्रिकेचा, आणि पेटीवादकही ध्वनिमुद्रिकेतल्याच जागा भरतो. जे केवळ जागेअभावी आखूड झाले तेच पुढच्या पिढीसाठी पदाचे अधिकृत रूप ठरते. एखाद्या जुन्या गायकाने तोच अंतरा फिरवून आणखी दोन वेळा घेतला की नव्या श्रोत्याला तो भर घातल्यासारखा वाटतो, वास्तविक तबकडीच्या आधीची रीत तीच होती.

अनेक गाण्यांचा एकत्र संग्रह ही कल्पना व्यवहारात उतरली ती लाँग प्ले तबकडीमुळे. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची ही बारा इंची तबकडी अमेरिकेत कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये बाजारात आणली आणि नंतर ती भारतातही आली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक मजकूर बसतो. ३ मिनिटे २० सेकंदांची बारा गाणी घेतली तर बरोबर ४० मिनिटे होतात, म्हणजे सहा या बाजूला आणि सहा त्या बाजूला. जुन्या संग्रहांत दहा-बारा गाण्यांचा जो आकडा पुन्हा पुन्हा आढळतो त्याचे कारण हे साधे गणित आहे. सात इंची छोट्या तबकडीवर, म्हणजे ईपीवर, चार गाणी बसत. कॅसेटवर सर्वसाधारणपणे तासाभराचे गाणे बसे, तर सीडीने ती मर्यादा ७४ आणि पुढे ८० मिनिटांपर्यंत नेली. नंतर एमपी३ सीडीवर शंभरेक गाणी भरली जाऊ लागली, आणि २०१७ साली सारेगामाने ‘कारवां’ हे रेडिओच्या आकाराचे यंत्र आणले त्यात तर ५,००० गाणी आधीच भरलेली होती.

जागा जसजशी वाढली तसतशी निवड सैल झाली, असे माझे मत आहे. लाँग प्लेच्या काळात बाराच गाणी घ्यायची असल्यामुळे कोणीतरी बसून विचार करावा लागे. पहिल्या बाजूला सर्वांना माहीत असलेले गाणे आधी ठेवायचे, लागोपाठ दोन संथ गाणी येऊ द्यायची नाहीत, एकाच रागाची दोन पदे शेजारी नकोत, अशी काळजी घेतली जाई. कव्हरच्या पाठीवर जाणकाराचे टिपण असे. शंभर गाण्यांच्या एमपी३ सीडीवर बहुधा वर्णानुक्रमे यादी असते. त्यामुळे गायकाचे आरंभीचे अडखळते गाणे, ऐन उमेदीतले गाणे आणि थकलेल्या आवाजातले गाणे एकामागोमाग येतात, आणि त्यांतले कोणते कोणत्या वयातले हे सांगायला कागदाचा तुकडाही नसतो.

एका गाण्याचे तीन मालक

निवडीमागचे खरे अवघड प्रकरण हक्कांचे आहे. ते एकदा समजून घेतले की संग्रहांतली बरीच कोडी आपोआप सुटतात.

आपण ज्याला ‘एक गाणे’ म्हणतो त्यात कायद्याच्या दृष्टीने तीन वेगळ्या वस्तू असतात. शब्द ही एक, चाल ही दुसरी आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण ही तिसरी. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चाल यांवरचा हक्क कवी व संगीतकार यांच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणावरचा हक्क मात्र कोणाच्या आयुष्याशी जोडलेला नाही. मुद्रण प्रसिद्ध झाले त्याच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे मोजायची असतात. ही मुदत पूर्वी ५० वर्षांची होती आणि १९९२ मधील दुरुस्तीने ती ६० झाली. मुद्रणाचा मालक म्हणजे ते करवून घेणारा निर्माता, म्हणजेच बहुतेक वेळा ध्वनिमुद्रिका कंपनी. या तिघांत गायक कुठेच नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. जुन्या काळी गायकाला ठरलेली रक्कम किंवा कंपनी मान्य करील तेवढी रॉयल्टी मिळे. १९६० च्या दशकात लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यात जो दुरावा आला त्याचे मूळ गायकांना रॉयल्टी असावी की नसावी या वादातच होते. गायक-वादकांचा स्वतंत्र हक्क भारतीय कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आला आणि २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा रॉयल्टीतील वाटा अधिक सुरक्षित झाला.

एक उदाहरण घेऊ. ‘शतजन्म शोधितांना’ हे पद ‘संन्यस्त खड्ग’ या १९३१ च्या नाटकातले असून ते गाजवले मास्टर दीनानाथांनी. शब्द स्वातंत्र्यवीर सावरकरांचे, चाल रामकृष्णबुवा वझे यांची. दीनानाथांच्या आवाजातील जुन्या तबकडीवरचा हक्क कधीच संपला आहे. वझेबुवांचे निधन १९४५ साली झाले, त्यामुळे चालीवरचा हक्क २००५ अखेर संपला. सावरकरांचे निधन १९६६ सालचे, म्हणून शब्दांवरचा हक्क २०२६ अखेरपर्यंत चालतो. एकाच पदाच्या तीन अंगांना अशा तीन निरनिराळ्या तारखा आहेत. ‘जुने आहे, म्हणजे फुकट आहे’ असे समजून कोणी संग्रह काढला तर तो या तिसऱ्या तारखेला अडखळू शकतो.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळच्या काळातले आहे. ‘मत्स्यगंधा’ हे नाटक १९६४ साली रंगभूमीवर आले. त्यातली पदे नाटककार वसंत कानेटकर यांनी लिहिली, संगीत मंगेशीच्या पंडित जितेंद्र अभिषेकी यांचे, आणि ‘गुंतता हृदय हे’ घरोघरी पोचवले म्हापशात जन्मलेल्या रामदास कामत यांनी. समजा, त्या वर्षी प्रसिद्ध झालेली एखादी ध्वनिमुद्रिका आपल्यापुढे आहे. तिच्या मुद्रणावरचा हक्क २०२४ अखेर संपला, म्हणजे १ जानेवारी २०२५ पासून ते मुद्रण मोकळे झाले. परंतु अभिषेकीबुवांचे निधन १९९८ सालचे आणि कानेटकरांचे २००० सालचे असल्यामुळे चाल २०५८ पर्यंत आणि शब्द २०६० पर्यंत संरक्षित राहतात. मुद्रण मोकळे झाले तरी त्यातले गाणे मोकळे झालेले नाही. तबकडीची नक्कल काढून विकू पाहणाऱ्याला शब्द आणि चाल यांची परवानगी घ्यावी लागेलच.

आता संग्रहांतली पुनरावृत्ती आणि गैरहजेरी यांचे कारण स्पष्ट होते. कंपनी आपल्या मालकीच्या मुद्रणांतूनच निवड करते, कारण दुसऱ्या कंपनीकडून एखादे गाणे घ्यायचे तर त्याचे वेगळे पैसे मोजावे लागतात आणि पत्रव्यवहारही करावा लागतो. दोन-तीन कंपन्यांसाठी गायलेल्या गायकाचा ‘समग्र’ संग्रह त्यामुळे प्रत्येक कंपनीपुरताच समग्र असतो. पूर्वी एचएमव्ही या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि आज सारेगामा म्हणून चालणाऱ्या कंपनीकडे आपल्या जुन्या गाण्यांचा फार मोठा साठा आहे, त्यामुळे ‘जुनी गाणी’ म्हणजे काय याची आपली कल्पनाही पुष्कळशी त्या साठ्यावरून बनलेली आहे. लहान कंपन्या बंद पडल्या तेव्हा त्यांची गाणी कोणाकडे गेली याचे धागे अनेकदा मिळत नाहीत. मालक ठाऊक नसलेले गाणे संग्रहात घेण्याचा धोका कोणतीही शहाणी कंपनी पत्करत नाही.

नभोवाणीचे मुद्रण हा आणखी निराळा प्रांत आहे. पणजीत मुक्तीपूर्वी ‘एमिसोरा द गोवा’ हे नभोवाणी केंद्र होते आणि मुक्तीनंतर तेथे आकाशवाणीचे केंद्र आले. गोव्यातल्या कितीतरी गायकांची पहिली ओळख ध्वनिमुद्रिकेतून झाली नसून पणजी केंद्राच्या कार्यक्रमांतून झालेली आहे. ती मुद्रणे प्रसारण संस्थेची असल्यामुळे कंपन्यांच्या संग्रहांत येत नाहीत. आकाशवाणीने स्वतःच्या साठ्यातली काही मुद्रणे ‘आकाशवाणी संगीत’ या नावाने सीडीवर काढली खरी, पण पडद्याआड राहिलेल्या गाण्यांच्या मानाने ती थोडीच. वडीलधाऱ्यांना आठवणारे आणि बाजारात न मिळणारे पद पुष्कळदा याच वाटेने त्यांच्या कानांवर आलेले असते.

कोंकणीतही चित्र फारसे वेगळे नाही. लोर्ना यांनी ख्रिस पेरी यांच्या संगीतात गायलेली १९६० आणि ७० च्या दशकांतली गाणी आजही लग्नाच्या हॉलांत वाजतात. पुढे त्या बराच काळ गाण्यापासून दूर होत्या आणि नव्वदच्या दशकात परतल्या. मधल्या काळात श्रोत्यांची मागणी कायम होती आणि मुद्रणे मात्र तेवढीच, त्यामुळे तीच गाणी पुन्हा पुन्हा नव्या वेष्टनात येत राहिली तर त्यात नवल नाही.

‘हे ते नव्हे’

एकाच गायकाने एकच गाणे अनेकदा मुद्रित केलेले असते, आणि संग्रहाच्या यादीत शीर्षक मात्र एकच छापले जाते. गोंधळ येथे सुरू होतो.

‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून आठवड्याला एक अशा क्रमाने प्रसारित झाले. ग. दि. माडगूळकरांची ही ५६ गीते सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केली, परंतु त्या मूळ प्रसारणात पात्रानुरूप निरनिराळे गायक होते. माणिक वर्मा आणि वसंतराव देशपांडे हे त्यांपैकी दोन. नंतर ध्वनिमुद्रिकांचा जो संच घरोघरी पोचला त्यात सर्व गीते स्वतः बाबूजींनी, म्हणजे फडके यांनी, गायली. आज कोणी ‘मूळ गीतरामायण’ म्हणून संग्रह विकत घेतला तर त्याच्या हाती बहुधा हा संच येतो. १९५५ साली नभोवाणीसमोर बसलेल्या माणसाचे ‘मूळ’ वेगळे आणि ध्वनिमुद्रिका ऐकत वाढलेल्याचे वेगळे. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. संग्रहावर मात्र कोणते ते लिहिलेले असायला हवे.

कॅसेटच्या काळात या गोंधळाला बाजाराचे कारण मिळाले. नव्या कंपनीकडे जुनी मुद्रणे नव्हती, पण जुने गायक अजून गात होते. मग त्यांच्याकडून तीच लोकप्रिय गाणी नव्या वाद्यवृंदासह पुन्हा गाऊन घेतली गेली. आवाज तोच, पण वीस वर्षांनी उतरलेला, पट्टी कधी अर्ध्या स्वराने खाली आणलेली, आणि जिथे पूर्वी व्हायोलिनचा ताफा होता तिथे सिंथेसायझर. त्याबरोबर दुसराही प्रकार बोकाळला. थोर गायकाचे नाव आणि छायाचित्र मोठे छापायचे आणि गाणी नवोदिताकडून गाऊन घ्यायची. कायद्यात अशा पुनर्मुद्रणाला काही अटींवर वाव होता आणि आजही आहे, फक्त २०१२ च्या दुरुस्तीनंतर गाण्याच्या पहिल्या मुद्रणाचे वर्ष संपल्यावर पाच वर्षे थांबावे लागते. खरेदी करणाऱ्याने ‘यांची गाणी’ आणि ‘यांनी गायलेली गाणी’ या दोन शब्दप्रयोगांकडे नीट पाहिलेले बरे, कारण पहिल्यात फसवणुकीला पुरेशी जागा असते.

चित्रपटगीतांत आणखी एक भेद असतो. चित्रपटात चार कडवी असतील तर तबकडीवर दोनच मावत, किंवा गाणे दोन बाजूंवर विभागले जाई आणि सीडीवर ते सांधताना मधला श्वास हरवतो. नावांचाही भरवसा नव्हता. १९४९ च्या ‘महल’ मधील ‘आयेगा आनेवाला’ हे गाणे लता मंगेशकरांचे, पण त्या वेळच्या तबकडीवर गायिका म्हणून चित्रपटातल्या पात्राचे ‘कामिनी’ हे नाव होते. संग्रह करणारा केवळ लेबल वाचून काम करू लागला तर अशी गाणी त्याच्या हातून निसटतात.

मूळ प्रत कोठून आणायची या प्रश्नाचे सर्वांत नाट्यमय उदाहरण आपल्या फोंडे तालुक्यातलेच आहे. केरी येथे १८९२ साली जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. त्या यानांवरची सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी हाही एक गीतसंग्रहच आहे. कार्ल सेगन यांच्या नेतृत्वाखालील छोट्या गटाने जगभरातून निवडलेल्या सुमारे ९० मिनिटांच्या संगीताचा तो संग्रह असून त्यात केसरबाईंच्या वाट्याला साडेतीन मिनिटे आली. एकेक राग तासभर मांडणाऱ्या गायिकेचे प्रतिनिधित्व साडेतीन मिनिटांनी करावे हे तबकडीच्या मापामुळेच घडले. निवड संगीताभ्यासक रॉबर्ट ब्राऊन यांच्या शिफारशीवरून झाली, पण रेकॉर्ड काही मिळेना. अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. विश्वात पाठवायच्या संग्रहासाठीसुद्धा शेवटी कोणीतरी दुकान धुंडाळून तबकडी उचलून आणावी लागली, ज्यावरून तबकड्या छापतात तो धातूचा मूळ साचा काही कंपनीच्या कपाटातून आला नाही. जुन्या गाण्यांच्या बाबतीत हे नेहमीचेच आहे. मूळ साचे पुष्कळदा शिल्लक नसतात आणि संग्राहकांच्या घरातली वापरलेली तबकडी हीच सर्वोत्तम प्रत ठरते. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेसारख्या हौशी मंडळींनी तबकड्यांचे क्रमांक, तारखा आणि लेबले यांच्या ज्या नोंदी केल्या त्यांच्याशिवाय असे संग्रह सिद्ध होणे कठीण होते.

तबकडीतून संगणकात येताना

जुनी तबकडी संगणकात उतरवणे हे काम वाटते त्यापेक्षा नाजूक आहे. ७८ च्या तबकडीची खाच लाँग प्लेच्या खाचेपेक्षा सुमारे तिपटीने रुंद असते, म्हणून तिला वेगळी, जाड टोकाची सुई लागते. बारीक सुई खाचेच्या तळाला घसरते आणि गाण्याऐवजी खरखरच उचलते.

फिरण्याच्या वेगाचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. ‘७८’ हे नाव पक्के झाले तरी सुरुवातीच्या काळात प्रत्यक्ष मुद्रण सत्तरच्या घरातल्या कमी-अधिक वेगांनी होत असे. समजा, एखादे पद मिनिटाला ७४ फेरे या वेगाने मुद्रित झाले आणि आपण ते ७८ ने वाजवले. २०० सेकंदांचे पद १९० सेकंदांत संपेल आणि स्वर जवळपास एका अर्धस्वराने चढेल, म्हणजे पेटीच्या काळी एक या पट्टीत गायलेले पद तिच्या वरच्या पांढरी दोनच्या आसपास ऐकू येईल. आवाज पातळ आणि तरुण वाटेल, ताना अधिक चपळ वाटतील. ‘त्या काळच्या गायकांच्या पट्ट्याच उंच असत’ या समजुतीत तथ्य आहेच, परंतु तिचा काही भाग चुकीच्या वेगाने वाजलेल्या तबकड्यांनी पुरवलेला असू शकतो. जाणकार संकलक पेटी आणि तंबोऱ्याचा स्वर, गायकाच्या इतर मुद्रणांतली पट्टी आणि कालावधी ताडून वेग ठरवतो. घाईचा संकलक यंत्राचे बटण ७८ वर ठेवून मोकळा होतो, त्यामुळे एकच पद दोन संग्रहांत वेगवेगळ्या पट्ट्यांत ऐकू येते.

त्यानंतर येते खरखर काढण्याचे काम. संगणकाला आवाज आणि कचरा यांतला फरक कळतो तो ढोबळ. खरखर ज्या उंच कंपनांच्या पट्ट्यात असते त्याच पट्ट्यात ‘स’ आणि ‘श’ यांची धार, तबल्याच्या चाटेचा टणत्कार आणि तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची गुंजणारी झणकार, असते. सफाई अति झाली की खडे वेचता वेचता तांदूळही सुपाबाहेर जावा तसे होते आणि गायक ब्लँकेट पांघरून गातो आहे असे वाटू लागते. मला स्वतःला थोडी खरखर असलेले मुद्रण चालते. कान पाच मिनिटांत तिला विसरतो, पण गेलेली जवारी काही केल्या परत आणता येत नाही. एका मार्गाच्या मुद्रणाला यांत्रिक करामतीने स्टीरिओ करण्याचीही एके काळी जगभर टूम होती. अशा प्रतीत गायकाचा आवाज दोन्ही कानांत विरघळल्यासारखा पसरतो, म्हणून मूळ ‘मोनो’ प्रत मिळत असेल तर तीच घ्यावी.

काय ठेवायचे आणि काय कापायचे हाही निर्णय असतो. अगदी सुरुवातीच्या तबकड्यांच्या शेवटी गायिका स्वतःचे नाव पुकारते. गौहरजान यांचे ‘माय नेम इज गौहरजान’ प्रसिद्धच आहे. तबकड्या जर्मनीत हानोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या कामगारांना कोणती कोणाची हे कळावे, हा त्यामागचा व्यावहारिक हेतू होता. काही संग्रहांत ही घोषणा ‘गाण्याचा भाग नाही’ म्हणून उडवलेली आढळते. ती ठेवलेली प्रत मिळाली तर ती जपावी.

ॲपवरची तारीख

मोबाईलवरच्या ॲपमध्ये गाण्याखाली जे वर्ष दिसते ते बहुधा संग्रह अपलोड झाल्याचे किंवा सीडी निघाल्याचे असते. १९४२ साली निवर्तलेल्या गायकाचे ‘नवे गाणे’ २००६ साली आल्याची नोंद त्यामुळे बिनदिक्कत दिसते. छापील वेष्टनावर वर्तुळातल्या पी या रोमन अक्षरापुढे मुद्रणाचे वर्ष आणि वर्तुळातल्या सी पुढे मांडणी-मजकुराचे वर्ष देण्याची पद्धत आहे, पण संग्रहावर पी पुढेसुद्धा कधी कधी संग्रहाचेच वर्ष टाकलेले असते. प्रत्येक मुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षरांचा संकेतांक देण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत असून तो मुद्रणाबरोबर कायम राहावा अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात तेच मुद्रण नव्या संग्रहात नव्या संकेतांकाने चढवले जाते आणि मग ॲपला ती दोन गाणी वाटतात. गीतकार आणि संगीतकार यांची नावे तर पुष्कळदा गाळलेली असतात किंवा नाटकाच्या नावाच्या रकान्यात जाऊन बसलेली असतात.

दोन प्रती एकाच मुद्रणाच्या आहेत का हे घरबसल्या पडताळण्याचा सोपा मार्ग म्हणजे कालावधी आणि पट्टी पाहणे. कालावधीत दोन-चार सेकंदांचाच फरक असेल आणि पेटीवर षड्ज जुळत असेल तर मुद्रण बहुधा एकच. कालावधी कमी आणि पट्टी त्याच प्रमाणात चढी असेल तर मुद्रण एकच, पण वेग चुकलेला. पट्टी उतरलेली आणि कालावधी मिनिटभराने वाढलेला असेल, शिवाय दोन्ही कानांत वाद्ये वेगवेगळी ऐकू येत असतील, तर ते नंतरच्या काळातले पुन्हा गायलेले गाणे समजावे.

घरात जुन्या तबकड्या असतील तर त्या टाकून देण्यापूर्वी लेबलावरचा क्रमांक आणि लेबलाजवळच्या गुळगुळीत कड्यात कोरलेला क्रमांक असे दोन्ही टिपून ठेवावेत. पहिला विक्रीचा असतो आणि दुसरा मुद्रणाचा, आणि दोन छापांतले मुद्रण एकच की वेगळे हे दुसऱ्यावरून ठरते. आपल्याकडच्या पावसाळी हवेत पुठ्ठ्याच्या कव्हरांना बुरशी आणि वाळवी आधी लागते, म्हणून तबकड्या कोऱ्या कागदी पाकिटांत घालून, आडव्या न रचता उभ्या ठेवाव्यात. त्या कोरड्या मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने पुसाव्यात. ७८ च्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेले कोणतेही द्रव्य लावू नये, कारण लाख त्यात विरघळते.